खळ्यावरची मोकळी जागा

डोळखांब, ९ नोव्हेंबर १९३८
भात कापून झालं. हे असते तर आज पाड्यापाड्यांत निरोप गेले असते. नवं भात घरात आलं की दरवर्षी आमच्या अंगणात सगळे जमायचे. लहानू वारलीचा भोपळ्याचा तारपा, चंदर ठाकराची ढोलकी, भिवा गोंधळ्याचं संबळ.
श्रावणात गेले. टोपी अजून खुंटीवर. काढवत नाही.

११ नोव्हें.
लहानू आला. आधी नुसता खोकला. मग, "बाय, कदी वाजवाचा?"
म्हटलं, यंदा नाही. आमच्यात वर्षभर दारात वाद्य वाजत नाही.
तो बघतच राहिला. "आन् वाजवला नाय तं मास्तरला वाट कशी गावंल? आमच्यात गेलेल्याला गाऊन पोचवतात."
त्याचंही खरं असेल.
उठताना म्हणाला, "मळणी झाली का तारपा टांगायचा. मंग पुढल्या भातालाच. तवर माजा दम..."


१२ नोव्हें.
भावोजी मुरबाडहून आले. लहानूचं सांगितलं.
"वहिनी, वर्षश्राद्ध तरी होऊ दे. दादाच्या दारात नाच?"
आमटीत मीठ घालायचं राहिलं. ते तसेच जेवले. भाऊ त्यांचाही गेला आहे.

१४ नोव्हें.
भिवा आणि चंदर आले. भिवा म्हणाला, "तुमचा रिवाज मी जानतो, मास्तरीणबाय. दारात नाय वाजवत. ओढ्यापलीकडं चंदरच्या खळ्यावर वाजवतो, लहानूलाबी तितंच आनतो. आवाज इथवर आला तं वाऱ्याला सुतक पाळायला कोन सांगनार?"
चंदर हसला आणि हसता हसताच डोळे पुसायला लागला.
नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नसते. हे मात्र दरवर्षी त्याच वळणावर चुकून उलटे फिरायचे. लहानू तारपा थांबवून ओरडायचा, "मास्तर, पोरांना पाढे शिकवता, तुमच्या पायांना कोन शिकवील रे?" म्हणून यांना नेहमी रांगेच्या शेवटी धरायचे. कमी घोटाळा.
चंदर जाताना म्हणाला, "शेवटची जागा मोकळी ठेवतो. कोन धरनार नाय. तुमी आलात तं तुमची."
मी? मी तर ओटीवरून बघायची फक्त.

१६ नोव्हें.
भावोजींना सांगितलं, आज खळ्यावर वाजणार आहे. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ओटीवर जाऊन बसले.
ऊन अजून आहे. सुरू झालं.
तारपा मधेच तुटतो. लहानूला खोकला येत असणार. तेवढा वेळ ढोलकी नि संबळ त्याला सांभाळून घेतात. मग पुन्हा सूर लागतो.
यांचं वळण आलं. मी कढईखालचा जाळ मागे ओढला, हात थांबवून ऐकत राहिले. आता तारपा थांबेल, लहानू ओरडेल, सगळे हसतील.
थांबला नाही. सरळ पुढे गेला. आज कोणी चुकलं नाही.
भावोजींची पाठ माझ्याकडे. पाय ठेका धरतोय, त्यांना माहीत नसावं.
टोपी खुंटीवरून काढली. हातात आहे.
ओढ्याला पाणी घोट्याएवढंच आहे.