काळ्याची चाल बाकी

प्रिय नाना,

आज धुळ्याहून तुमच्या सूनबाईंनी एसटीच्या पार्सलने तुमचा बुद्धिबळाचा पट पाठवला. मोहरे पिशवीत, पट रिकामा. म्हणून लिहायला बसलो.

पटाच्या कडेने ए ते एच आणि एक ते आठ मीच रंगवलं होतं, आठवतं? अमळनेरला माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात तुम्ही नेहमी काळे घ्यायचात आणि आपल्या पुढ्यातली ओळ पहिली धरायचात. किती वेळा सांगितलं, मोजणी पांढऱ्याकडून, तुमच्या पुढ्यातली आठवी! आधी मोहऱ्याचं अक्षर, मग घराचं अक्षर, मग आकडा. मारलं तर मध्ये फुली, शह दिला तर शेवटी अधिक. पेपरात छापून येणाऱ्या डावांवरून हे मी एकट्याने उलगडलं होतं. चूक खपायची नाही मला.

प्याद्याला अक्षर नसतं म्हटल्यावर तुम्ही हसलात. "प्यादाले नावच नही? मंग तो ते आपलाच माणूस शे."

मुलाकडे धुळ्याला गेलात आणि डाव फोनवर आला. तुम्ही सांगायचं, सूनबाईंनी टाइप करायचं. तुमची शेवटची चाल घो एफ३+. माझ्या राजाला एच१ हे एकच घर, लगेच कळवलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमीच आली.

आज सूनबाईंना फोन केला, नानांकडचे मोहरे शेवटी कसे मांडलेले होते म्हणून. त्या म्हणाल्या, "हा डाव सुरू व्हायच्या आधीच पट माळ्यावर गेला होता, भाऊ. नानांना बसवत कुठे होतं? डोळे मिटून सांगायचे, मी लिहायचे."

अख्खा डाव मनात! आणि एक घर चुकलं नाही. मला का नाही सांगितलंत, नाना?

माझ्या टेबलावर तो डाव तसाच आहे. आता तुमचा वजीर एच२वरचं प्यादं मारणार, पाठीशी घोडा, मात. तुम्ही पाहिलंच असणार. पण तुमची चाल मी कशी लिहू? आणि लिहून दाखवू कुणाला? हल्ली मोबाइलवर बोट टेकवलं की चाल आपोआप नोंदली जाते. 'घो एफ३' म्हटलं तर इथे मान वर करणारं कुणी उरलेलं नाही.

हरायला लागलो की मी बरोबरी मागायचो, तुम्ही द्यायचात. वर म्हणायचात, "एकदाव ते लिख भाऊ, तू हारना म्हनीसन."

लिहीन, नाना, एकदा तरी, हरलो म्हणून. तुमच्या चालीची जागा कोरी ठेवीन आणि तिच्याखाली माझ्या हाताने शून्य–एक. पांढऱ्याने हार मानली. तुम्ही ते वाचणार नाही, तरीही.

तुमचा,
प्रल्हाद