शनिवारचा पेला

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मोजे पोचले आणि घट्ट होताहेत म्हणतोस, म्हणजे पाय वाढले म्हणायचे. डोक्याचं काय ते कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबा हल्ली माझ्या शिवणाच्या दुकानात बटणं लावायला बसतात. हात पूर्वीसारखे थरथरत नाहीत, पण गिऱ्हाइकांशी इतक्या गप्पा मारतात की एका सदऱ्याला अख्खी दुपार जाते.

आता मुद्द्याचं. जवानांच्या घरच्यांनी अर्ज केलाय, की चौकीवरच्या पोरांना दारू देणं बंद करा. एक बाई तो घेऊन दुकानात आल्या, मी इस्त्री बाजूला ठेवली आणि सही ठोकली. पूर्ण वाचलासुद्धा नाही. बंदूक हातात असलेल्या माणसाच्या पोटात दारू कशाला, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. आपल्या घरात त्या बाटलीने काय केलं, ते तू लहान होतास तरी विसरला नसशील. आई शेवटपर्यंत खिडकीत बसून बाबांची वाट बघायची. बाबा सुटले त्यातून, पण सगळेच सुटतात असं नाही. तेव्हा आढेवेढे न घेता लिही. तू पितोस का?

प्रकृतीला जप. माया आहेच, पण पत्र उशिरा आलं की ती जरा आटते, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्यायचो. घे, लिहिलं. शनिवारी एक पेला, जेवणाआधी, सगळ्यांच्या समोर. साहेब स्वतः ओतायचे, आणि ज्याची पहाऱ्याची किंवा गाडीची पाळी, त्याच्यापुढे पेला यायचाच नाही. मी पडलो पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, त्यामुळे कितीतरी शनिवार कोरडेच गेले.

अगं, इथे आठवडाभर बर्फ, दगड आणि एकमेकांची तोंडं. पेला आला की माणसं बोलायला लागायची. कुणी बायकोची आठवण काढायचा, लंब्या बेसूर गायचा. लंब्या म्हणजे आमचा वायरलेसवाला. माझ्या शेजारच्या खाटेवर असतो, पाय खाटेबाहेर काढून झोपतो, म्हणून लंब्या. चौकीवरचा प्रत्येक निरोप त्याच्या कानातून जातो, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या घरच्या भानगडी ठाऊक. बाबा कामावरच्या गॅरेजमागे चोरून प्यायचे, म्हणून आपल्याला कळेपर्यंत फार उशीर झाला. इथे सगळं टेबलावर होतं, ताई. काय ते दिसायचं.

तुमच्या अर्जामुळे म्हण, आणखी कशामुळे म्हण, वरून हुकूम आला आणि पेला बंद झाला. पोरं तुझ्या नावाने बोटं मोडताहेत. मी तुला ओळखतच नाही असं सांगून टाकलंय. लंब्या तर गातही नाही. संध्याकाळी सामानाच्या खोलीत जाऊन बसतो, डोकं दुखतं म्हणतो. आचाऱ्याचं रडगाणं वेगळंच, की स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट भराभर संपतंय, कुणीतरी गळका डबा पाठवलाय. मी डबा तपासला, चांगला धड आहे. असो, आमचं हे असंच.

बाबांना नमस्कार. लोभ ठेव, आणि सही मागे घेतलीस तर दुप्पट ठेव.

तुझा,
धाकटा


दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. तुझं पत्र आज आलं. मी बाबांना वाचून दाखवत होते, ते सुई ओवत होते. स्पिरिटच्या डब्याचं आलं आणि ते थांबले. तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले की डबा गळका नाही, तो लंब्या पितोय, आणि ते विष आहे. त्याने डोळे जातात, जीवही जातो. त्यांच्या तेव्हाच्या मित्रांतला एकजण तसाच आंधळा झाला होता.

लगेच तुमच्या तळाच्या कचेरीत फोन लावला. कारकून काही ऐकून घेईना. बाबांनी माझ्या हातातून फोन हिसकावला आणि असे ओरडले की रस्त्यावरची माणसं दारात जमली. तुझ्यासाठी निरोप दिला, की लंब्या स्पिरिट पितोय, त्याला एकटं सोडू नकोस, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. कारकून म्हणाला, वायरलेसवर लगेच सांगतो. मी सुटले म्हणून फोन ठेवला, आणि मग पायाखालची जमीन सरकली. तुमच्याकडे वायरलेसवर बसतं कोण? लंब्याच! अरे देवा, त्याची चहाडी त्याच्याच कानात सांगून बसलो आम्ही. तो कशाला देतोय तुला तो कागद?

पुन्हा फोन लावला तर लागत नाही. म्हणून हे पत्र टाकते, उशिरा का होईना. बाबा जेवले नाहीत. आणि माझ्या त्या सहीमुळे तर हे झालं नाही ना, हे डोक्यातून जात नाही. बाकी काही लिहू नकोस, पोरगा कसा आहे तेवढं कळव.

ताई


दि. ५ मार्च

ती. बाबांस आणि ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लंब्या जिवंत आहे, आणि त्याला दिसतंय. आता दोघं खाली बसा, पाणी प्या आणि पुढचं वाचा.

त्या दिवशी मी टँकरखाली आडवा पडून काम करत होतो. शेजारी लंब्याचे पाय येऊन उभे राहिले. ते कुठेही ओळखू येतात. बाहेर आलो तर हातात निरोपाचा कागद. तुझ्या घरून आलाय, वाच म्हणाला. ओळी एकमेकींवर चढलेल्या, शेवटचा शब्द अर्धा कागदाबाहेर. मी वाचून वर बघितलं, तर हा माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून कानाकडे बघत होता. सकाळपासून धुकं पडलंय म्हणाला. ताई, लख्ख ऊन होतं गं!

साहेबांना सांगितलं आणि त्याला जीपमध्ये घालून घाट उतरलो. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तरी डोळे गेले असते. पुढे काय होईल ते मात्र त्यांनाही सांगता येईना. अर्धवट बातमी फोनवर सांगायचा धीर मला झाला नाही, त्याबद्दल हवं तेवढं बोला. साहेबांनी मला इथे इस्पितळात त्याच्यापाशीच ठेवलंय. परवा त्याने नर्सच्या मनगटावरचं घड्याळ बघून किती वाजले ते बरोब्बर सांगितलं, आणि मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो.

तुझं पत्र आज इथे पोचलं. सहीचं डोक्यातून काढून टाक. पेला चालू होता तेव्हा लंब्या स्वतःचा संपवून कधीकधी माझाही संपवायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. सगळं टेबलावर होतं म्हणून दिसायचं, असं मीच तुला ऐटीत लिहिलं. कुणालाही काही दिसत नव्हतं. साहेबांनी आता प्रत्येकाला विचारलंय, पेला पुन्हा सुरू करावा की नको. मी सांगितलं की ज्याला झेपतो त्याला द्या, पण कुणाला झेपत नाही ते आधी बघा, आणि त्याला एकटा सोडू नका. ते तसं वर लिहिणार आहेत, पुढे वरच्यांची मर्जी. आम्ही दोघं शनिवारी चहा पिणार आहोत. लंब्या गाणार आहे, बाकीच्यांनी सोसायचं आहे.

तुमचा लोभ असाच फोनवर ओरडत राहो.

तुमचा,
धाकटा

ता. क. खालचं लंब्याने स्वतः लिहिलंय. मी हात लावलेला नाही.

ती. बाबांस, सा. न. वि. वि.
निरोप उतरवून घेताना माझंच नाव आलं आणि हात थांबला. कागद फाडला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण कारकून शेवटी म्हणाला, हे लगेच पोचव, म्हातारा ओरडता ओरडता रडत होता. ज्यांनी मला कधी बघितलं नाही ते माझ्यासाठी रडले, मग कागद घेऊन टँकरकडे गेलो. अक्षर वाकडं आलंय. पण बाबा, वाकडं आहे हे मला दिसतंय.

आपला,
लंब्या