तरंगतंय, म्हणजे बरं आहे

१४ जुलै
आज पहाटे नरपडच्या किनाऱ्यावर सूर्याला अर्घ्य दिलं. ढग होते, तरी दिलं. परतताना सुरूच्या झाडांखाली समुद्रकासव दिसलं. पुढच्या पायात जाळ्याची दोरी रुतलेली, मांस उघडं. एवढा किनारा सोडून ते माझ्याच वाटेवर आलं, यात काही योजना आहे. वाडीत कामाला असलेल्या बाबल्याला बोलावलं, कासव टेम्पोत घालून आणलं आणि चिकूवाडीतल्या टाकीत सोडलं. दोरी मीच कापली, हळद लावली. आमची सौ. नर्मदा म्हणाली, डहाणूत कासवांवर इलाज करणारे आहेत, त्यांना फोन करा. करणारच आहे. आधी जरा हुशारी येऊ दे.

१५ जुलै
पालक टाकला. खाल्ला नाही. काकडी टाकली. तीही नाही. नर्मदेचं म्हणणं, ते मासे खातं. आमच्या वाडीत आजवर मासा आलेला नाही. माणसाची सवय बदलते, कासवाची का नाही बदलणार?

१६ जुलै
प्रगती. काल सारखं तळाशी जायला धडपडत होतं. आज शांतपणे वर तरंगतंय. पाणी विहिरीचं, गोडं. म्हणून खडेमीठ ओतलं, चव घेऊन पाहिली, आणखी ओतलं. नर्मदा म्हणाली, आमटीकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीत.

१७ जुलै
बातमी फुटली. सकाळपासून लोक येतायत. शेजारचे गोविंदराव नारळ घेऊन आले. बायका पाठीला हात लावून नमस्कार करतात. कुंकू मीच पुसलं, पण मागून पुन्हा लागतं. नर्मदा सगळ्यांसमोर म्हणाली, "देवळातल्या कासवाला भूक नसते. याला आहे." लोक हसले. मीही हसलो, थोडं.

१८ जुलै
एका बाजूला कललंय. जखमेला वास येतोय. तरी तरंगतंय, म्हणजे बरंच असणार. फोन लावला, रिंग वाजायच्या आत कापला. इतके दिवस का ठेवलं विचारतील. फॉरेस्टवाले येतील. उद्या नक्की.

१९ जुलै
बाजारातून मांदेली आणली. पिशवीत वर चिकू ठेवले. जन्मात पहिल्यांदा मासा हातात धरला. कासवाच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही. डोळा तेवढा उघडला, माझ्याकडे पाहिलं, मिटला. काठावर बसून स्तोत्र म्हणायला लागलो. रोजचं स्तोत्र, आणि मध्येच विसरलो. देवा, हे माझ्या हातून मरू देऊ नकोस. दुसरं काही मागत नाही. निदान आज तरी.

२० जुलै, संध्याकाळ
सकाळी फोन केला. गाडी लगेच आली. शीतल नावाची डॉक्टर, माझ्या भाचीच्या वयाची. तिने विचारलं, कधीपासून तरंगतंय? मी जरा कौतुकानेच सांगितलं. तिने कासवाची पाठ हलकेच दाबून पाहिली. मग म्हणाली, "काका, याला खाली जाताच येत नाहीये. आत हवा अडकलीय."
चार दिवस मी त्याबद्दल देवाचे आभार मानत होतो.
वाचेल का विचारलं. सांगता येत नाही म्हणाली. ओल्या चादरीत गुंडाळून नेलं. दोष दिला नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
आत्ता झरीहून एक म्हातारी रिक्षाने दर्शनाला आली. रिकाम्या टाकीत डोकावून विचारू लागली, देव कुठं गेला?
म्हटलं, "दवाखान्यात, आजी. मीच पाठवला."