मामाने पाठ करून घेतलेले शब्द

ता. ९, गुरुवार

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच. घरी बरं आहे. लॉंड्रीत हॉटेलच्या चादरींचा डोंगर पडलाय, इस्त्रीने मनगट धरलंय. तुझा खोकला कसा आहे? सिगारेट सोड म्हटलं तर ऐकशील थोडाच.

तू पाठवलेलं पोस्टर मिळालं. भिंगरीचा फोटो छान आलाय. खाली लिहिलंय, ‘मैत्रिणीच्या उपचाराच्या निधीसाठी रविवारी धावणार’. लोक रस्त्यात थांबवून माझ्या लेकीचं कौतुक करतात. मी हो हो म्हणते आणि पुढे सटकते.

आता ऐक. काल तिला मीठ आणायला पाठवलं. कोपऱ्यावरचं दुकान. कितीतरी वेळाने आली, रिकाम्या हाताने. म्हटलं, "मीठ कुठंय?" तर म्हणे, "कसलं मीठ?" मग भांडी घासताना पुटपुटायला लागली: शिडी, मीठ, खिडकी, घोडा, सुई. परत शिडी, मीठ...

"हे काय गं?"

"मामाने पाठ करून घेतलेत. डॉक्टर दर वेळी हेच विचारतात. आधी शब्द सांगतात, मग इकडचं तिकडचं बोलतात आणि म्हणतात, आता ते शब्द सांग. सगळे आले की धावायच्या परवानगीची चिठ्ठी."

वा रे मामा! डोक्याला मार बसलेल्या पोरीची परीक्षा, आणि तू कॉपी पुरवलीस.

तिला दिव्याकडे बघवत नाही. जिना उतरताना भिंत धरते. डोकं रोज दुखतं, पण "मामाला सांगू नकोस" म्हणते. मी ओरडले, तर म्हणाली, "आई, सामन्यात माझंच डोकं तिला लागलं ना? मी हिंडतेय, आणि ती, आमची गोलकीपर, दवाखान्यात डोळे उघडत नाही. तिच्यासाठी मी नाही पळायचं तर कुणी?"

मी म्हटलं, "तू शेजारच्या खाटेवर पडलीस म्हणून ती उठून बसणार आहे का?"

फार लागलं तिला. लागू दे.

तुझं मन काळं नाही, ठाऊक आहे मला. तिचा बाप गेल्यावर खेळायचे पहिले बूट तूच आणलेस, मैदानावर तूच नेलंस. तिला घडवलंस तू. म्हणूनच मुद्द्यावर यायचं टाळत आधी चादरी आणि खोकला लिहीत बसले.

आज कामावर गेले नाही. तिचा दंड धरून डॉक्टरकडे नेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शब्द बदलून विचारले. एकही आला नाही रे. चिठ्ठी रद्द झाली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "हे पढवलं कुणी?" भिंगरी पटकन म्हणाली, "मीच पाठ केले."

मी म्हटलं, "खोटं बोलते. माझ्या भावाने."

ते तुझ्या क्लबला कळवणार आहेत. तुझी कोचची नोकरी राहील असं वाटत नाही.

पोरगी माझ्याशी बोलत नाही. तूही बोलणार नाहीस. नका बोलू. रविवारी लोकांनी विचारलं, तर सांग, आई आडवी आली.

तुझी,
तुझं नाव सांगून आलेली ताई