चाखून बघू नये

ता. ६ जानेवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा सोडला तर बाकी ठीक. माझ्या भावाला सांग, ताई रुसलेली नाही, कामात आहे.

पाणी तपासायच्या या लॅबमध्ये आजवर मी बाटल्या धुतल्या. आता धुवायचं मशीन येतंय. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की द्रावणं बनवणारी मुलगी महिनाअखेर नोकरी सोडतेय. तोवर तिच्याकडून शिकलात तर तिचं टेबल तुमचं, कायमचं. नाही जमलं तर शिकलेलं माणूस आणू, मग तुम्हाला द्यायला काम उरणार नाही. म्हणजे मी परत तुमच्याकडे, मागच्या खोलीत. तूच बघ बाई.

मुलगी माझ्या निम्म्या वयाची आणि डोळे वटारते माझ्यावर. मला मिठाचं पाणी करायला शिकवते. मला. जन्म गेला मीठ घालण्यात. तर इथे मीठ सोन्यासारखं तोलायचं, थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग लांब मानेच्या चंबूत ओतून रेघेपर्यंत पाणी भरायचं. रेघ बघायला वाकायचं, डोळा बरोबर तिच्यासमोर आणायचा. गुडघ्याच्या नावानं शंख. जास्त निघालेलं मीठ बरणीत परत टाकायचं नाही, फेकायचं. मी म्हटलं ही कुठली उधळपट्टी, तर म्हणाली की चमच्याबरोबर आत काय जाईल त्याचा नेम नाही.

ॲसिडचा थाट वेगळा. चष्मा, हातमोजे, बंद बूट. आधी पाणी घ्यायचं, त्यात ॲसिड सोडायचं, काचेच्या कडेनं, जरा जरा, ढवळत. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतं. हे मला पटलं, कारण नीट केलं तरी भांडं तापतं. मग ते गार होईपर्यंत बसून राहायचं. मी आणि बसून राहणार.

आणि आता हस. बाटली भरायच्या आधी तिच्यावर चिठ्ठी. आत काय, किती कडक, कधी बनवलं, कोणी बनवलं. मला तुझे स्वयंपाकघरातले डबे आठवले. मी तिला म्हटलं, तू माझ्या भावजयीची बहीण शोभतेस. ते कौतुक वाटलं तिला.

मुलांना माझ्या नावानं एकेक धपाटा आणि एकेक पापा. माया आहे तशी ठेव.

तुझी
वन्सं

ता. १४ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं आणि ॲसिडपाशी आल्यावर थांबले. म्हणाले, ताईला लिही, असली जोखमीची कामं सोड आणि घरी ये, भाऊ अजून जिवंत आहे. मी निरोप पोचवला. आता माझं ऐका.

तुम्ही परत यावं असं मला वाटत नाही. राग मानू नका, मानलात तरी चालेल. मागच्या खोलीत आता माझं शिवणाचं मशीन आहे, आणि तुम्ही आलात की तिसऱ्या दिवशी माझे डबे जागा बदलतात. गेल्या खेपेला चिठ्ठ्या खरवडून काढल्यात आणि म्हणालात, जिला आपला डबा ओळखता येत नाही तिनं गॅस पेटवू नये. मग पाहुण्यांच्या दुधात पिठीसाखर समजून खायचा सोडा घातलात. भले लोक, प्यायले. मी अजून त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाते.

तेव्हा ती मुलगी सांगते तसं करा. झाकण काढकाढून भात बघायची तुमची सवय तिथं चालायची नाही. चष्मा घाला. पत्र लवकर पाठवा, यांना काळजी लागते आणि मग हे माझं डोकं खातात.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.

आपली
धाकटी

ता. २१ जानेवारी

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

लांबड लावत नाही. टेबल गेलं.

सोमवारी मी दोन बाटल्या भरल्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत पातळ केलेलं गंधकाचं ॲसिड. दोन्ही दिसायला नळाच्या पाण्यासारखी, वास कशालाच नाही. चिठ्ठ्या नंतर लावू म्हटलं, डावीकडची मिठाची हे मला ठाऊक होतं की. तेवढ्यात फरशी पुसायला बाई आली, तिनं बाटल्या उचलून टेबल पुसलं आणि परत ठेवल्या. कुठली कुठे, देव जाणे.

माझ्या मनात काय आलं सांगू? म्हटलं एक खारटच आहे, त्यात काय मोठंसं. हातमोजा काढला, एका बाटलीत बोट बुडवलं आणि जिभेकडे नेलं. त्या मुलीनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. ओढत नळाखाली नेलं, किती वेळ हात धरून ठेवला कोण जाणे.

दोन्ही बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत, म्हणाल्या की तुम्ही आपल्या बाटल्या धुवा, बाकी महिनाअखेर बघू. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज ॲप्रन धुतला. बोटावरचा थेंब ओढाताणीत बाहीवर पडला असणार. तिथं भोक पडलंय, हरभऱ्याएवढं. तेव्हा कळलं मी कुठली बाटली चाखणार होते.

भावाला सांग, खाट काढून ठेव.

तुझी
वन्सं

ता. २७ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

यांनी खाट काढली. मी तिच्यावर मशीन ठेवलं.

पत्र वाचून मी आधी रडले, मग तुमच्यावर चिडले, मग मुलांना उगाच मारलं. जीभ गेली असती तर आम्हाला टोमणे कोणी मारले असते? त्या मुलीला माझा नमस्कार सांगा, वयानं लहान असली तरी.

आता असं करा. मोठ्या बाईंकडे जा आणि ती बाही दाखवा. सांगा, मला कळलंय, आता माझ्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. तुम्ही कुणाची मनधरणी करत नाही हे मला माहीत आहे. एकदा करा.

सोबत जाड कापडाचा ॲप्रन शिवून पाठवतेय. बाह्या मनगटापर्यंत आहेत. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्यात.

धाकटी

ता. ३१ जानेवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आत ॲसिडचं भांडं गार होतंय.

तुझं ऐकलं. बाही दाखवली. मोठ्या बाईंनी भोकातून बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, उद्या मुलगी जातेय, आज दोन्ही द्रावणं पहिल्यापासून करा, कोणी मदत करणार नाही. सकाळी आधी तुझ्या चिठ्ठ्या काढल्या. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चालल्यासारखं. तरी लिहिलं, चिकटवलं, मगच मिठाला हात लावला. ॲसिड इतकं हळू सोडलं की मुलीला जांभई आली. दोनदा उठून भांड्याला हात लावायला निघाले होते, दोनदा परत बसले. तू लिहिलेला भात आठवला. बोलावतायत वाटतं, उरलेलं नंतर.

रात्री लिहितेय. गार झालं, रेघेपर्यंत भरलं, हलवलं. मोठ्या बाईंनी दोन्ही तपासली, थेंब थेंब टाकून रंग पालटेपर्यंत. मी खिडकीबाहेर बघत होते. आकडा लिहिला, वही मिटली आणि बाटल्या फडताळात ठेवल्या, कामाच्या की टाकायच्या रांगेत ते मला दिसलं नाही. मला वाटलं संपलं. तेवढ्यात पाण्याचे नमुने तपासणारा आला, चिठ्ठी वाचली, माझी बाटली उचलली आणि कामाला लागला. कोणाला काही विचारलं नाही. चिठ्ठीवर माझं नाव होतं गं. मुलगी कोपऱ्यात डोळे पुसत होती. म्हटलं, चष्मा काढून डोळ्याला हात लावू नकोस. हसायला लागली.

टेबल माझं झालं. खाट आत टाक, तुझं मशीन राहू दे.

सोबत एक चिठ्ठी पाठवतेय, माझ्या हातची. मागच्या फळीवर जो डबा आहे ना, ज्याची मी खरवडली होती, त्यावर लाव. वर लिहिलंय खायचा सोडा. खाली लिहिलंय चाखून बघू नये.

मुलांना आता नुसतेच पापे. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
वन्सं