सव्वाआठ बाय पावणेबारा

प्रिय ढब्या,

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, गुरुवारी चौकशीला मी येतो. हा हात ठेवतो त्यांच्या टेबलावर, मग बघू तुला नोकरीवरून कोण काढतंय." मी बरं म्हटलं आणि घाईनं फोन ठेवला. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

आधी माझा पराक्रम, कारण तुला तो अर्धाच सांगितलाय. कुठल्या कागदाचं माप काय, हे प्रिंटरला आधीच ठाऊक असावं लागतं, आणि आमच्या कंपनीत ती यादी करायचं काम माझं. वाद एवढाच होता, की मापं कशात लिहायची आणि किती बारीक. काही कागद मिलिमीटरमध्ये जन्मलेले, काही इंचांत. एकाचं दुसऱ्यात केलं की आकड्याला दशांशाचं शेपूट फुटतं. मी म्हणत होते, मिलिमीटरचा हजारावा भाग धरू. त्यात दोन्ही घरचे कागद पूर्ण आकड्यात बसतात, कुणाचं काही छाटावं लागत नाही. माझ्या हाताखालचा इंजिनियर, त्याला सगळे चष्मिस म्हणतात, इंचाचा बहात्तरावा भाग धरून बसला होता. त्यातही आकडे पूर्ण येत नाहीत, म्हणून जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. तीन आठवडे आम्ही हसतखेळत भांडलो. सोमवारी कळलं, त्यानं आपलीच यादी परस्पर पुढे पाठवून दिली. विचारलं तर म्हणाला, "अहो ताई, फरक एक दशांश मिलिमीटरचा! एवढ्याशानं कुणाचा जीव जातो का?" आणि हसला. गोड हसतो तो.

टेबलावर स्टीलची फूटपट्टी होती. मी ती उचलली आणि धारेच्या बाजूनं त्याच्या तोंडावर हाणली. चष्मा फुटला, भुवई उकलली, चार टाके पडले. हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की रक्तानं डोळा मिटलेला तो पोरगा काचा वेचायला खाली वाकला, तेव्हा मी पुन्हा मारलं. मानेवर. पहिल्या वेळी मला राग आला होता. दुसऱ्या वेळी राग कधीच ओसरला होता, नुसतं मनगट चालू होतं. ते मनगट बाबांचं होतं असं लिहायचा मोह होतोय. पण ते माझंच होतं.

आमच्या मोठ्या मॅडम मनानं चांगल्या आहेत. म्हणाल्या, "लेखी खुलासा दे. घरी काय बघत मोठी झालीस ते लिही, भाऊ साक्षीला आला तर उत्तमच. माणसं आहेत ती, समजून घेतील." मी लिहिलं. दोन पानं. वाचून त्यांनी डोळे पुसले.

त्या पानांत आपला कारखाना आहे. कागद कापायचं ते जुनं यंत्र, ज्याच्यावर इंचांचेच आकडे कोरलेले होते. गिऱ्हाइकांची मापं मिलिमीटरमध्ये यायची, ती इंचांत करून चिठ्ठीवर लिहायची मी, चिठ्ठी खिळ्याला टोचायची आणि त्याबरहुकूम कापायचास तू. कापताना गठ्ठा हलू नये म्हणून वरून चाकानं आवळायची लोखंडी दाबपट्टीही आहे. एकोणीस वर्षांचा तू आहेस. आणि तो दिवस आहे, ज्या दिवशी परीक्षेच्या फॉर्मांचा अख्खा माल परत आला, कारण कागद दीड मिलिमीटर लांब निघाला होता आणि गिऱ्हाइकाच्या प्रिंटरमध्ये दुमडून अडकत होता. रुंदीला तो अर्धा मिलिमीटर कमी, म्हणजे पुन्हा छाटूनही सुधारायची सोय नाही. बाबांनी एक कागद मोजला, मग तुला.

तू म्हणालास, "चिठ्ठीवर हेच होतं." ते म्हणाले, "दाखव चिठ्ठी." खिळ्यावर ती नव्हती. तू कतरणीच्या ढिगात गुडघ्यांवर रांगत शोधत होतास आणि ते तुला बरगडीत लाथा घालत होते. आई मध्ये आली तर तिला भिंतीवर भिरकावलं. मग त्यांनी तुझा उजवा हात यंत्रावर ओढला, दाबपट्टीखाली घातला आणि चाक फिरवलं, गठ्ठ्याला आवळतात तसं, सावकाश. बोटं मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. हात सुटल्यावर तू गठ्ठे ठोकायचा लाकडी ठोकळा डाव्या हातानं उचलून त्यांच्या तोंडावर मारलास, त्यांचे पुढचे दोन दात खाली पडले, आणि तू जो गेलास तो बाबा वारले तरी घरी आला नाहीस.

हे सगळं खरं आहे. मॅडमपुढे मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. आणि पंचवीस वर्षं तू मला सांगत आलायस, "तू मध्ये पडली नाहीस तेच बरं झालं, ताई, तुलाही मारलं असतं." मागच्या वर्षी तर म्हणालास, "कोण जाणे, मीच माप चुकीचं वाचलं असेल." त्या रात्री मी जेवले नाही, एवढीच माझी शिक्षा.

तू चुकीचं वाचलं नाहीस, ढब्या. यंत्रावर इंचाचे सोळा भाग होते, तिथपर्यंत हिशेब केला असता तर माल बिनबोभाट खपला असता. पण मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. मी जवळचा पाव इंच धरला आणि लिहून टाकलं, सव्वाआठ बाय पावणेबारा. कानाला किती बरं वाटतं ना? माल परत आला, बाबा फूटपट्टी शोधू लागले, तेवढ्यात मी खिळ्यावरून चिठ्ठी ओढली आणि तोंडात घातली. तू रांगत होतास तेव्हा मीही तुझ्या शेजारी बसून कतरण उपसत होते, आठवतं? तू माझ्याकडे बघून म्हणालास, "ताई, सांग ना त्यांना." मला बोलता येईना. तुला वाटलं, मी घाबरले. माझ्या तोंडात कागद होता. चाक फिरत असताना मी तो गिळला. दोन पानांचा खुलासा मी आज फाडला आणि एका ओळीचा दिला: मी मारलं, दोनदा, दुसऱ्यांदा तो वाकलेला असताना. गुरुवारी तू येऊ नकोस. त्या हाताच्या आड उभी राहून मला नोकरी वाचवायची नाही. यायचंच असेल तर शुक्रवारी ये, मी घरी असेन. मग मला काय करायचं ते कर.

तुझीच, तू ठरवशील तेवढी,
ताई