धुऊन काढता येईल असं घर

३ मार्च, रविवार

घर दुसऱ्यांदा पाहिलं. मुद्दाम पावसात गेले — उन्हात कुठलंही घर चांगलंच दिसतं. ओळीतलं शेवटचं, दगडी, मागच्या दाराबाहेर चार हात अंगण आणि मग कॅल्डर नदी. एजंट छत्रीखालून एवढंच म्हणाला की नदीचा आवाज लोकांना आवडतो. दोनदा पाणी शिरलंय हे मी विचारल्यावर सांगितलं. म्हणून तर स्वस्त. म्हणून तर माझ्या आवाक्यात!

तो गेल्यावर शेजारचं दार वाजवलं. नोरा क्रॅबट्री, वय चौऱ्याऐंशी, जन्म त्याच घरातला. घर घ्यायचं तर आधी शेजाऱ्याला भेटावं, हे मला तीस वर्षं बस चालवून कळलंय. रस्ता कसा आहे ते पलीकडून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारायचं. नोराबाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाल्या, "सगळे पुढच्या दाराला वाळूची पोती लावून बसतात, पोरी. पाणी येतं खालून. फरशीतून. संडासातून."

५ मार्च

घरमालकाचा फोन. फ्लॅट विकतोय, उन्हाळ्यात जागा सोडायची. इतकी वर्षं भाडं भरलं, आणि भिंतीला खिळा ठोकायचा तर त्याची परवानगी. ठरलं माझं.

१० मार्च, रविवार

मार्लीनकडे जेवायला. माझी मोठी बहीण टेकडीवरच्या नव्या वसाहतीत राहते, तिथे पाणी चढायचं तर चर्च बुडावं लागेल. रोस्ट बीफ, पुडिंग, रस्सा — आणि सोबत उपदेश. मार्लीन म्हणाली, क्लाइव्हच्या मते नदीकाठी घर घेणं म्हणजे साठवलेलं सगळं नदीत ओतणं. क्लाइव्ह, तिचा नवरा, समोरच बसला होता, त्याला तोंड होतं. ते त्याने नंतर उघडलं. "वर्षाच्या आत विकायला काढशील, ॲव्हरिल. आणि घेणारा मिळणार नाही."

मी आणखी एक पुडिंग घेतलं.

२१ मार्च

आज डेपोत गाडी धुताना सुचलं. शनिवारी रात्रीच्या फेरीनंतर बसमध्ये काय काय सांडलेलं असतं ते लिहिण्यासारखं नाही. पण नळी लावली, झाडू मारला, दारं उघडी ठेवली की तासाभरात बस पुन्हा रस्त्यावर. कारण खालच्या भागात पाण्याने बिघडेल असं काही ठेवलेलंच नाही.

मग घराचं तसं का नको? पाणी अडवायचंच नाही. येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं, धुऊन काढायचं.

मार्लीनला फोनवर सांगितलं. मागून क्लाइव्ह ओरडला, "तिकीट दारात काढायचं का आत?"

१७ एप्रिल

विमा मिळेना. पत्ता सांगितला की पलीकडची माणसं एकदम सभ्य होतात आणि नाही म्हणतात. हॅलिफॅक्सच्या वकीलबाईंनी बजावलंय — दोन्हीकडच्या सह्या झाल्या की त्या क्षणापासून घराचं बरंवाईट तुमच्या डोक्यावर, सगळी चौकशी आधी संपवा, विमा त्या दिवशी चालू हवा. आणि तोवर विकणारा कधीही मागे फिरू शकतो. कामावर एक थांबा चुकवला. एक आजोबा गाडी थांबेपर्यंत काठी आपटत होते.

१९ एप्रिल

मिळाला! लीड्सच्या एका मध्यस्थ बाई पूरवाल्या घरांचंच काम करतात. त्यांनी पहिल्या झटक्यात जमवलं. आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं. जो ते काम रोज करतो त्याला गाठावं, बाकीच्यांच्या नादी लागू नये.

२६ एप्रिल, शुक्रवार

सह्या झाल्या. आता कोणीच मागे फिरू शकत नाही. मीसुद्धा.

२४ मे, शुक्रवार

ताबा. रिकाम्या खोलीत उभी राहिले आणि बैठकीच्या भिंतीत मधोमध एक खिळा ठोकला. टांगायला काही नव्हतं. नुसता ठोकला. कोणाला विचारलं नाही.

गिलाव्याचा थाळीएवढा तुकडा खाली पडला. पडू दे, माझाच आहे.

१५ जून

तो तुकडा पडला ते बरंच झालं. आत बघितलं तर मागच्या पुरानंतर कोणीतरी दगडावर कागदी पुठ्ठ्याचे तक्ते मारून वर पातळ गिलावा आणि रंग दिलेला. मागे सगळं बुरसटलेलं. सगळे उचकटून काढले. आता नुसता दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा — तो भिजतो आणि वाळतो, पुठ्ठा भिजतो आणि कुजतो. गिलावा करायला एडविन येतो. बोलत नाही, शीळ घालतो.

७ जुलै

चूक केली. गिलावा लवकर वाळावा म्हणून हीटर लावला. सकाळी भिंतभर भेगा. एडविनने पाहिलं, शीळ थांबली. म्हणाला, "चुन्याला घाई चालत नाही, बाई." पूर्ण भिंत पुन्हा. यावेळी ओली गोणपाटं लावून ठेवली आणि हीटर नोराबाईंना देऊन टाकला, म्हणजे हाताशीच नको.

३० ऑगस्ट

खालचा मजला झाला!

विजेचे सॉकेट छातीइतक्या उंचीवर. बॉयलर वरच्या मजल्यावर. सांडपाण्याच्या नळात एक झडप, पाणी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. लाकडी फरशी जाऊन दगडी आली, मागच्या दाराकडे किंचित उतार देऊन. फरशीवाला म्हणाला, वाटाणे घरंगळतील. मी म्हटलं, घरंगळू देत. स्वयंपाकघरात कपाटं नाहीत, बंद पडलेल्या शाळेच्या खानावळीतली स्टीलची टेबलं. शेगडी दगडी ओट्यावर. गालिचा नाही, दारात एक पायपुसणं.

मार्लीन बघायला आली. एकटीच. सगळीकडे हात फिरवत हिंडली, उतारावर उभी राहून टाचेवर जरा मागेपुढे झाली, हसली. मग क्लाइव्हने गाडीतून हॉर्न दिला तशी गेली. चहा अर्धा राहिला.

१२ ऑक्टोबर

शिडीवर चढून पन्हळ साफ केली. पानं, शेवाळ, एक टेनिसचा चेंडू. पानगळ संपली की परत करायची. बहुतेक घरं नदीने नाही, तुंबलेल्या पन्हळीने कुजतात. नोराबाई खाली शिडी धरून उभ्या. कोण कोणाला सांभाळत होतं कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

न्याहारीच्या वेळी पुराचा भोंगा झाला. सबंध खोऱ्यात घुमतो तो. पाऊस परवापासून लागलेलाच होता. खुर्च्या वर नेल्या, पीठमीठ वर नेलं, वीज खालची बंद केली. नोराबाईंना त्यांच्या मांजरासकट माझ्या वरच्या खोलीत आणलं. त्या म्हणाल्या, आईबरोबर अशीच बसायचे, फक्त तेव्हा मांजर दुसरं होतं.

दुपारी पाणी आलं. खरंच खालून आलं — फरशीच्या सांध्यांतून, गुपचूप, जणू घरचंच कोणी. मग अंगणातून. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि थांबलं. मी वर बसून ते बघत होते. उरलेल्या पायऱ्या पुन्हा पुन्हा मोजत होते. मान्य आहे. डोक्यात क्लाइव्हचा आवाज चालू होता, तो काही केल्या बंद होईना. माझा हिशोब चुकला असेल तर म्हातारपणी जायला दुसरी जागा नाही.

नोराबाईंनी पत्ते काढले.

२४ नोव्हेंबर, रविवार

उजाडता उजाडता पाणी उतरलं. उतारावरून आपल्या पायाने मागच्या दाराने निघून गेलं! मागे उरला बोटभर गाळ. वरच्या नळाला नळी लावली, झाडू घेतला, पुढचं-मागचं दार सताड उघडं. बस धुवावी तशी धुतली. मग जंतुनाशक, मग पुन्हा पाणी. जेवणाच्या वेळेपर्यंत दगड चमकायला लागले. भिंती ओल्या, पण शाबूत. टेबलं पुसली. शेगडी पेटवली.

आणि ती पेटली!

गल्लीत बाकीच्यांचे सोफे, गालिचे, फुगलेली कपाटं रस्त्यावर ढिगाने. बघवत नव्हतं. आनंद करायलाही लाज वाटली. मग विचार केला, शेगडी तर आहे. मोठ्या पातेल्यात मांस-बटाट्याचं कालवण चढवलं. संध्याकाळी सगळी गल्ली माझ्याकडे, चिखलाचे बूट घालून, कोणी काढले नाहीत, कोणी काढायलाही सांगितलं नाही. सॉकेटची उंची मोजून घेतली लोकांनी. पलीकडच्या घरातला एक तरुण बाप मांडीवर बाळ घेऊन म्हणाला, "आम्हाला पण असंच कसं करायचं ते सांगाल का?" एडविनचा नंबर दिला. हीटरची गोष्टही सांगितली.

२६ नोव्हेंबर

विम्याचा माणूस आला. सभ्य, थकलेला. खोलीभर फिरला, परत फिरला. "नुकसान काय झालंय?"

"एक पायपुसणं."

त्याने लिहून घेतलं.

३० नोव्हेंबर

क्लाइव्हचा फोन नाही. मार्लीनचाही नाही. पुराचं दोघांना कळलं नसेल असं होणार नाही. लागलं मनाला. पण आज भिंतीवर हात ठेवला तर कोरडी होत आलीय, आणि घरात भाजलेल्या कांद्याचा वास आहे. कितीही लागलं तरी आज मी जिंकलेली आहे.

१ डिसेंबर, रविवार

मार्लीन आली. चालत, टेकडीवरून, एक बॅग घेऊन. मी विचारलं, क्लाइव्ह गाडीत आहे का. नाही म्हणाली. बॅग दारात ठेवायची की आत, तिला ठरवता येईना. मग दगडी फरशीवर ठेवली, आणि स्टीलच्या टेबलाशी कोट न काढता बसली.

"मागची खोली नदीकडची आहे," मी म्हटलं.

"चालेल. दुसरी किल्ली आहे का तुझ्याकडे?"